एमजीबीच्या मागच्या कमानीचा पुन्हा पुन्हा येणारा ठोका: बुश, शॅकल आणि पाटे यांची तपासणी व दुरुस्ती

माझ्या १९६९ सालच्या एमजीबी रोडस्टरच्या (ब्रिटिश बनावटीच्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या) मागच्या डाव्या बाजूने येणारा ‘ठक्’ असा आवाज गेल्या दोन वर्षांत दोनदा दुरुस्त करून घेतला, आणि दोन्ही वेळा तो चार-पाच महिन्यांत परत आला. पहिल्या वेळी कमानींच्या (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांच्या) टोकांतील रबरी बुश बदलले. दुसऱ्या वेळी बुशांबरोबर कमानीही उतरवून त्यांचा बाक वाढवून घेतला. तिसऱ्या वेळी मात्र नवीन बुश मागवण्याची घाई न करता, आधीचे बुश इतक्या लवकर का फाटले याचा शोध घेतला, आणि त्या शोधात जे आढळले ते येथे सविस्तर मांडत आहे. खानदेशात या गाड्या मोजक्याच असल्या तरी मागे पाट्यांची कमान असलेल्या जुन्या गाड्या अनेकांनी जपून ठेवल्या आहेत. एमजीबीचे मोजमाप त्यांना लागू होणार नाही, पण दोष शोधण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी उपयोगी पडेल.

आधी मागची रचना डोळ्यांसमोर आणावी. १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे तयार झालेल्या या गाडीला मागे एकसंध अ‍ॅक्सल असून तो दोन कमानींवर बसवलेला आहे. प्रत्येक कमानीचा पुढचा डोळा, म्हणजे पाट्याचे गोल वळवलेले टोक, गाडीच्या तळाला जोडलेल्या हँगरमध्ये (पत्र्याच्या कंसात) एका बोल्टने पक्का धरलेला असतो, आणि मागचा डोळा शॅकलला, म्हणजे झुलणाऱ्या दुव्याला, जोडलेला असतो. खड्ड्यात कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते, आणि ती वाढ सामावून घेण्यासाठी शॅकल मागे-पुढे झुलते. अ‍ॅक्सल प्रत्येक कमानीला दोन यू-बोल्टांनी बांधलेला असतो आणि कमानीच्या वर-खाली रबरी पॅड असतात. शॉकअ‍ॅब्सॉर्बर आजच्या गाड्यांप्रमाणे उभ्या नळीचे नसून आर्मस्ट्राँगचे, तेलाने भरलेले, भुजेचे आहेत. त्यांची भुजा एका लहान लिंकने कमानीखालच्या पट्टीला जोडलेली असते. अ‍ॅक्सल फार खाली लोंबू नये यासाठी दोन्ही बाजूंना रबरी पट्टे असतात.

या रचनेत अ‍ॅक्सलला पुढे-मागे सरकण्यापासून रोखणारा वेगळा दांडा नाही, आणि हीच गोष्ट या दोषाच्या मुळाशी आहे. इंजिनाचा सगळा जोर, ब्रेकचा सगळा ओढा कमानीच्या पुढच्या अर्ध्या भागातून त्या एका पुढच्या डोळ्यात आणि त्यातील बुशमध्ये जातो. त्यामुळे हे बुश सैल झाले की केवळ आवाज येत नाही, तर अ‍ॅक्सल स्वतःच्या मर्जीने वळू लागतो. डाव्या बाजूचे बुश फाटले असेल तर ॲक्सिलरेटर दाबताच डावे चाक काही मिलिमीटर पुढे सरकते, अ‍ॅक्सल किंचित उजवीकडे तोंड करतो, गाडीचा मागचा भाग उजवीकडे आणि नाक डावीकडे जाऊ पाहते. ब्रेक लावताच हेच उलटे घडते. सुरत-नागपूर महामार्गावर एरंडोल-पारोळ्याच्या टप्प्यात केळीच्या ट्रकला मागे टाकताना मला स्टीअरिंगमध्ये जो अस्वस्थपणा जाणवत होता, तो कितीतरी दिवस मी टायरचा दोष समजत होतो. पुढच्या चाकांची अलाइनमेंट दोनदा करून घेतली. दोष मात्र मागे होता.

आवाज खरोखर कोठून येतो

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना भेटत असल्यामुळे ट्रकच्या कमानींचे काम करणारे जाणते कारागीर तेथे आहेत. अशाच एका वयस्कर कारागिराकडे मी बुशांची जोडी पुढे केली, तेव्हा त्यांनी ती हातातही न घेता एवढेच सांगितले, “भाऊ, आवाज कथाईन ई ऱ्हायना, ते पहिले दखा” (आवाज कोठून येतो आहे, ते आधी पाहा). तिसऱ्या दुरुस्तीची सुरुवात या वाक्यापासून झाली.

मागून येणारा प्रत्येक ठोका कमानीचा नसतो. सुटे चाक डिकीत नीट आवळलेले नसणे, सायलेन्सरचा पाइप अ‍ॅक्सलवर आपटणे, हँडब्रेकची केबल सैल पडणे ही कारणे दहा मिनिटांत तपासून बाजूला सारता येतात. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमधील ढिलाई हाताने शाफ्ट फिरवून कळते. डिफरन्शिअलच्या आतील वॉशर झिजले असतील तर क्लच सोडताना ‘टण्’ असा धातूचा आवाज येतो, मात्र तो गाडीच्या मध्यातून येतो आणि खड्ड्यांशी त्याचा संबंध नसतो. तारांच्या चाकांच्या गाड्यांत आणखी एक फसवे कारण असते, ते म्हणजे हबवरील खाचांची झीज. एका माणसाने ब्रेक दाबून ठेवावा आणि दुसऱ्याने जमिनीपासून उचललेले चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे फिरवावे; हब स्थिर राहून चाक हलले तर खाचा झिजल्या आहेत असे समजावे. ही झीज धोक्याची आहे आणि कमानीच्या दुरुस्तीपूर्वी तिचा विचार झाला पाहिजे, कारण खाचा पुरत्या गेल्या की चाक हबवर घसरू शकते.

ही कारणे वगळल्यावर आवाजाची वेळ लक्षात घ्यावी. केवळ गतिरोधकावर, जोर न देता जातानाही ठोका येत असेल तर शॅकलचे बुश, शॉकअ‍ॅब्सॉर्बरची लिंक किंवा तुटलेला पाटा यांच्याकडे आधी पाहावे. सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताना एक ठोका आणि सोडताना दुसरा ठोका येत असेल, आणि त्याबरोबर गाडी दिशा बदलू पाहत असेल, तर पुढचा डोळा किंवा सैल यू-बोल्ट हे संशयित आहेत. माझ्या गाडीला दोन्ही प्रकारचे आवाज होते, आणि पहिल्या दोन्ही दुरुस्त्यांत हा भेद कोणीच केला नव्हता. मी स्वतःही नाही.

खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये गाडी चारही चाकांवर उभी ठेवून पुढील तपासणी करावी. गाडी उचललेल्या अवस्थेत हे दोष लपतात, कारण कमानीवर भारच नसतो. हँडब्रेक ओढल्यावर मागची चाके जागेवर राहतात. मग एकाने गाडीचा मागचा भाग जोराने पुढे-मागे ढकलावा आणि दुसऱ्याने खालून बॅटरीच्या उजेडात पुढच्या डोळ्याकडे पाहावे. रबर थोडेसे दबेल, तेवढे स्वाभाविक आहे. पण डोळा आणि आतील नळी एकमेकांपासून सुटी सरकताना दिसली, किंवा बोल्टचे डोके हँगरच्या भोकात हलले, तर निदान तेथेच झाले. या दोन हालचालींत फरक आहे आणि तो नीट पाहावा: पहिल्या प्रकारात बुश गेले आहे, दुसऱ्या प्रकारात हँगरचे भोक अंडाकृती झाले आहे, आणि अशा भोकात कितीही चांगले बुश बसवले तरी ठोका जाणार नाही.

यू-बोल्टांसाठी मी एक साधा उपाय केला. कमान, पॅडची पट्टी आणि अ‍ॅक्सलवरील बैठक यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आणि गाडी पन्नास किलोमीटर चालवली. रेघ तुटली असती तर कमान बैठकीत सरकते आहे हे सिद्ध झाले असते. माझी रेघ शाबूत राहिली, त्यामुळे कमानीचे पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट आणि पॅड यांच्यावरचा संशय फिटला.

अ‍ॅक्सल सरळ बसला आहे की नाही हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासता येते. पुढची चाके सरळ ठेवून चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडावा, जमिनीवर खडूने खूण करावी आणि प्रत्येक बाजूचे पुढच्या ते मागच्या खुणेचे अंतर मोजावे. एमजीबीचे हे अंतर ९१ इंच, म्हणजे सुमारे २३१ सेंटिमीटर आहे. माझ्या गाडीचे उजव्या बाजूचे अंतर बरोबर होते. डाव्या बाजूला गाडी पुढे ढकलून ब्रेक लावल्यावर एक आणि मागे ढकलून ब्रेक लावल्यावर दुसरे असे दोन आकडे येत होते आणि त्यांत पाच मिलिमीटरचा फरक होता. हा फरक पाहिल्यावर महामार्गावरचा तो अस्वस्थपणा कोठून येत होता याबद्दल शंका उरली नाही.

नवीन बुश चार महिन्यांत का फाटते

पुढच्या डोळ्यातील बुशमध्ये दोन पोलादी नळ्या असतात आणि त्यांच्या मधले रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच चिकटवलेले असते. बाहेरची नळी कमानीच्या डोळ्यात दाबून बसवलेली असते, तर आतली नळी बोल्ट आवळल्यावर हँगरच्या दोन गालांमध्ये घट्ट पकडली जाते. म्हणजे या बुशमध्ये काहीच घासत किंवा फिरत नाही; कमान वर-खाली होते तेव्हा केवळ रबराला पीळ बसतो आणि तो सुटतो. बोल्ट ज्या स्थितीत आवळला ती स्थिती रबरासाठी कायमची शून्याची स्थिती ठरते, ही गोष्ट समजली की पुढचे सगळे आपोआप उलगडते.

गॅरेजमध्ये काम करताना गाडी जॅकवर असते, चाके काढलेली असतात आणि अ‍ॅक्सल लोंबकळत असतो. त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळून गाडी खाली सोडली, तर पहिल्याच क्षणी रबराला मोठा पीळ बसतो आणि तो गाडी उभी असतानाही सुटत नाही. अ‍ॅक्सल तीन इंच खाली लोंबत असेल आणि डोळ्यापासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर दीड फुटाच्या आसपास धरले, तर हा पीळ नऊ-दहा अंशांचा होतो. त्यावर प्रत्येक खड्ड्याचा आणखी पीळ चढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, पत्र्याच्या शेडमध्ये पिळलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे उभ्या असलेल्या रबराची चिकट जोडणी सुटू लागली तर त्यात रबराचा दोष नाही. या चुकीची एक खूण सुरुवातीलाच दिसते: दुरुस्तीनंतर गाडीचा मागचा भाग नेहमीपेक्षा थोडा उंच वाटतो, कारण पिळलेले बुश स्वतःच लहान स्प्रिंगसारखे काम करते. काही दिवसांनी गाडी खाली बसते आणि आपल्याला वाटते की नवीन कमान रुळली. प्रत्यक्षात बुश फाटलेले असते. माझ्या दोन्ही दुरुस्त्यांत नेमके हेच झाले होते. दुसऱ्या वेळी मी शेजारी उभा राहून बोल्ट आवळताना पाहत होतो आणि मला त्यात काही गैर वाटले नव्हते, याचे आजही वाईट वाटते.

दुसरे कारण आपल्याकडच्या एका जुन्या सवयीत आहे. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी डिझेल आणि जळालेल्या ऑइलचा फवारा मारून घेतला जातो, आणि कमानी कुरकुरू नयेत म्हणून पाट्यांवर तर ते मुद्दाम जास्त मारतात. पत्र्याला त्याचा फायदा होतो, हे खरे. पण बुशचे रबर नैसर्गिक असते, आणि खनिज तेल लागले की असे रबर फुगते, मऊ पडते आणि त्याची ताकद जाते. शॅकलचे माझे बुश काढले तेव्हा ते ओल्या गुळाच्या ढेपेसारखे बोटाला चिकटत होते. फवारा मारायचाच असेल तर डोळे, शॅकल आणि पॅड प्लास्टिकने बांधून घ्यावेत, किंवा तळाला वॅक्ससारखे कोरडे राहणारे आवरण द्यावे.

तिसरे कारण काळ्या मातीचे आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, त्यामुळे तापी-गिरणेच्या खोऱ्यातले कित्येक रस्ते डांबर चांगले असूनही लाटांसारखे झालेले असतात, आणि अशा रस्त्यावर कमानीला सतत लांब हेलकावे बसतात. त्याहून वाईट म्हणजे हीच माती शॅकलच्या आणि हँगरच्या कोपऱ्यांत घट्ट बसते आणि पाऊस संपल्यावरही कित्येक आठवडे ओल धरून ठेवते. माझ्या डाव्या हँगरमधून मी स्क्रू-ड्रायव्हरने मूठभर माती खरवडून काढली. तिच्या मागे पत्रा गंजून पातळ झाला होता, आणि सैल बोल्टने भोक एका बाजूला लांबट केले होते. दोन दुरुस्त्यांत ते भोक कोणाच्याच नजरेस पडले नाही, कारण ते मातीखाली होते.

चौथे कारण स्थानिक बुशांचे. मूळ बुश मिळण्यास वेळ लागतो म्हणून लेथवर नायलॉनचे बुश करून घेण्याचा किंवा ट्रकच्या टायरचे रबर कापून बसवण्याचा सल्ला मलाही मिळाला. शॅकलमध्ये तात्पुरते ते चालून जाईल, पण पुढच्या डोळ्यात मी ते कधीही घालणार नाही. तेथे बुशला केवळ पीळ नव्हे तर वळणावर कमान तिरकी होते तेव्हाचा ताणही सोसावा लागतो. कडक नायलॉन तो ताण न सोसता हँगरच्या आधीच अशक्त झालेल्या पत्र्याकडे पाठवते. पॉलियुरेथेनबद्दल माझे मत मध्यम आहे. त्याला पीळाचा प्रश्न नसतो, कारण ते नळीवर फिरते. पण आपल्या धुळीत त्याचे ग्रीस लवकर खराब होते आणि ते ओरडू लागते. मी पुढच्या डोळ्यात मूळ पद्धतीचे रबरी बुश आणि शॅकलमध्येही रबरीच ठेवले.

कमान उतरवणे

काम सुरू करण्यापूर्वी दोन दिवस सर्व नटांवर आणि पुढच्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारत राहावे. बुश तसेही टाकून द्यायचे असल्यामुळे येथे तेलाची चिंता नाही. नंतर गाडी उचलून तळाच्या मजबूत भागाखाली, पुढच्या हँगरच्या पुढे, दोन घोड्या (आधाराचे स्टँड) लावाव्यात आणि अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू अ‍ॅक्सलला धरून ठेवते आणि जोडताना नमुना म्हणून समोर राहते.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरची लिंक, यू-बोल्ट आणि शॅकल यांत फारसे कठीण काही नाही. खरी परीक्षा पुढच्या बोल्टची असते. तो बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो, आणि पाना लावला की बोल्टबरोबर नळीही फिरते, रबर पिळते आणि पुन्हा मागे येते. अशा वेळी गॅस कटर लावण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण या काळातील एमजीबीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, तळाशीच असतो आणि पेट्रोलची नळी जवळूनच जाते. डोळा आणि हँगरच्या गालाच्या मधून हॅकसॉचे सुटे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा. मला एका बोल्टला दोन तास आणि चार पाती लागली, पण हँगरला ओरखडाही आला नाही.

डोळ्यातील जुने बुश हायड्रॉलिक प्रेसवर निघते. प्रेस नसेल तर रबर आणि आतली नळी काढून बाहेरच्या नळीला आतून हॅकसॉने एक उभी चीर द्यावी, ती छिन्नीने आत वळवावी आणि बाहेर ठोकावी. चीर डोळ्याच्या पोलादापर्यंत जाऊ देऊ नये, कारण पाटा पुढे तेथूनच तडकतो. नवीन बुश बसवताना दाब नेहमी बाहेरच्या नळीवर द्यावा. आतल्या नळीवर दाब दिला तर रबराची जोडणी बसवतानाच सुटते आणि ते बाहेरून दिसत नाही.

लांबट झालेले भोक केवळ वेल्डिंगने भरून पुन्हा पाडणे मला पटले नाही, कारण भोवतालचा पत्राच पातळ झाला होता. पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवली, नळ्या बंद केल्या, आणि मगच गंजलेला भाग कापून तितक्याच जाडीचा नवीन तुकडा जोडला. भोकाची जागा उजव्या बाजूवरून मोजून घेतली. हे काम चांगल्या वेल्डरकडेच द्यावे. एमजीबीला वेगळी चॅसी नसते, तळ आणि सांगाडा एकच असतो, त्यामुळे हा हँगर म्हणजे गाडीच्या शरीराचाच भाग आहे.

उतरवलेल्या कमानींत तुटलेला पाटा आहे का, पाट्यांच्या टोकांनी खालच्या पाट्यावर खोल खाच पाडली आहे का, हे तारेच्या ब्रशने साफ करून पाहावे. दोन्ही कमानी शेजारी ठेवून एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणावी आणि दोरीपासून मधल्या बोल्टपर्यंतचे अंतर मोजावे. दुसऱ्या दुरुस्तीत बाक वाढवून घेतलेल्या माझ्या कमानींमध्ये या अंतरात चौदा मिलिमीटरचा फरक निघाला. शिवाय डाव्या कमानीचा मुख्य पाटा तापवल्याच्या निळसर खुणा दाखवत होता. पोलादाला एकदा दिलेले पाणी असे भट्टीत तापवून उतरले की बाक दिसायला सुंदर येतो, पण तो टिकत नाही. धुळ्याच्या कारागिरांनी मला हेच समजावून सांगितले: बाक द्यायचा तर थंड पाट्याला ऐरणीवर, हळूहळू ठोकून, नाहीतर तापवल्यावर पुन्हा योग्य तऱ्हेने पाणी देऊन, अर्धवट उपाय करू नये. माझ्या दोन्ही कमानी गेल्या होत्या, म्हणून नवीन जोडी मागवली. या गाडीचे बहुतेक सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही नव्याने तयार होतात. मागवताना गाडीचे साल आणि प्रकार नक्की सांगावा, कारण रोडस्टर आणि जीटी (पक्क्या छपराची एमजीबी) यांच्या कमानी वेगळ्या आहेत, आणि १९७४ च्या अखेरीस रबरी बंपर आल्यावर गाडीची उंची सुमारे दीड इंच वाढवली गेली होती. कमान नेहमी जोडीनेच बदलावी.

नट-बोल्टांबाबत एक सूचना आवश्यक आहे. या गाडीवर बहुतेक ठिकाणी बारीक आट्यांचे इंची बोल्ट आहेत. आपल्या बाजारात सहज मिळणारा दहा मिलिमीटरचा बोल्ट तीन-अष्टमांश इंचाच्या, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या, जागी जोर लावून बसवलेला मी दोनदा पाहिला आहे. तो बसतो, पण आटे खाऊन बसतो.

जोडणी आणि आवळण्याची वेळ

पुढच्या बोल्टच्या गुळगुळीत भागाला गंजरोधक लेप लावावा, म्हणजे पुढच्या वेळी हॅकसॉची गरज पडणार नाही. शॅकलचे बुश दोन अर्ध्या भागांत येतात. प्रत्येक बाजूला चार आणि पूर्ण गाडीला आठ लागतात. ते बसवताना ग्रीस न लावता साबणाचे पाणी वापरावे. कमान जागेवर आल्यावर पॅड, पट्ट्या आणि यू-बोल्ट बसवावेत, यू-बोल्टचे नट आळीपाळीने, दोन्ही पायांवर सारखे आटे राहतील असे आवळावेत. पुढचा बोल्ट आणि शॅकलचे नट मात्र केवळ हाताने लागतील तेवढेच ठेवावेत.

त्यानंतर चाके लावून गाडी जमिनीवर सोडावी, दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलावी आणि मागचा भाग चार-पाच वेळा दाबून सोडावा, म्हणजे कमान आपल्या नैसर्गिक उंचीवर स्थिर होते. मग खड्ड्यात उतरून, चाकांवर पूर्ण भार असताना, पुढचे बोल्ट आणि शॅकल पूर्ण आवळावेत. खड्डा उपलब्ध नसेल तर घोड्या तळाऐवजी थेट अ‍ॅक्सलखाली लावाव्यात. तेव्हाही कमानीवर गाडीचा भार राहतो आणि हाताला पुरेशी जागा मिळते. आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत आणि या दुरुस्तीत बोल्ट आवळण्याच्या कामातला फरक या शेवटच्या अर्ध्या तासाचाच होता. आपण स्वतः काम करत नसाल तर गॅरेजमध्ये हे आधीच स्पष्ट सांगावे आणि आवळताना उपस्थित राहावे. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

कमान खुली असतानाच शॉकअ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्यावेत. लिंक काढलेली असताना भुजा हाताने पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यावी. दोन्ही दिशांना अखंड, जड विरोध जाणवला पाहिजे. मध्येच भुजा हलकी झाली तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. अशा वेळी वरचा प्लग आधी स्वच्छ पुसून मगच उघडावा, मोटरसायकलच्या फोर्कसाठी मिळणारे २० दर्जाचे तेल भरावे आणि भुजा हलवत हवा बाहेर काढावी. शाफ्टच्या बाजूने तेल गळत असेल तर भरण्याचा उपयोग नाही, तो खोलून दुरुस्त करावा लागतो. माझा डावा शॉकअ‍ॅब्सॉर्बर ठीक होता, पण त्याच्या लिंकच्या टोकांतील रबर संपले होते, आणि गतिरोधकावरचा ठोका मुख्यतः त्याचाच होता. लोंबणारा रबरी पट्टाही तडकलेला असेल तर बदलावा. तो तुटला तर अ‍ॅक्सलच्या पडण्याचा धक्का शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या भुजेला आणि ब्रेकच्या रबरी नळीला बसतो.

शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट एकदा पुन्हा तपासावेत, कारण नवीन पॅड दबून थोडी ढिलाई येते. माझ्याकडे चारपैकी तीन नट पाव फेरा फिरले. त्यानंतर चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडपर्यंत जाऊन आलो. घाटातील वळणांवर जोर देताना आणि सोडताना गाडी ओळ सोडत नाही, आणि मागे पूर्ण शांतता आहे. या गोष्टीला आता अकरा महिने झाले असून मधला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेले. गेल्या आठवड्यात हँगरमधील माती पाण्याने धुऊन काढली आणि पुन्हा ओळंबा सोडला. डाव्या बाजूचे अंतर, गाडी पुढे ढकलली काय किंवा मागे, एका मिलिमीटरच्या आत तेच आले.